चित्रकला येत नसली तरी: वर्गात चित्रातून विचार करायला शिकवण्याची सुरुवात

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या एक-दोन शिक्षण परिषदांतच 'दृश्य साहित्याचा वापर करा' असा सल्ला मिळतो. बहुतेक जण त्याचा अर्थ तक्ते आणा, भिंती रंगवा, प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावा असा घेतात. मग बोलक्या भिंतींवर खर्च होतो, दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि मुलं त्याच्या कितीतरी आधीच त्या भिंतींकडे बघेनाशी झालेली असतात. या लेखात भिंती रंगवायच्या नाहीत. बोलता बोलता फळ्यावर ओढलेल्या चार रेघा आणि मुलांनी वहीत ओढलेल्या वेड्यावाकड्या आकृत्या, एवढंच इथलं साहित्य.

तयार चित्रातून आपलं उत्तर मुलांपर्यंत जातं. मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रातून त्यांचा विचार आपल्यापर्यंत येतो. शिक्षकाला जास्त गरज दुसऱ्या प्रकारच्या चित्राची असते, आणि नेमकं तेच वर्गात कमी काढलं जातं.

यामागचं शास्त्र थोडक्यात. ॲलन पायव्हिओ या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं की शब्द आणि प्रतिमा मनात दोन वेगळ्या वाटांनी साठतात. एकच गोष्ट दोन्ही वाटांनी साठली तर ती आठवायला सोपी जाते. पुढे २०१६ मध्ये कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं की एखादा शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढल्यावर तो जास्त लक्षात राहतो, आणि चित्र चांगलं आलं की वाईट याने फारसा फरक पडत नाही. हात कच्चा असलेल्या शिक्षकांनी हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा.

मात्र प्रशिक्षणात हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट सोडून द्या: काही मुलं 'दृक', काही 'श्राव्य' तर काही 'कृतिशील', म्हणून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीने शिकवा. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचे पुरावे तपासले. मुलांची अशी वाटणी करून शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. तेव्हा चित्र सगळ्यांसाठी काढायचं. कोणत्या मुलासाठी यापेक्षा कोणत्या घटकासाठी काढायचं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

पहिली पायरी: शिकवण्याआधी मुलांकडून चित्र काढून घ्या

'पृथ्वी गोल आहे' हे तिसरीतलं कुठलंही मूल सांगेल. स्टेला वॉस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेत पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांना पृथ्वीबद्दल प्रश्न विचारले आणि चित्रंही काढायला लावली. १९९२ मध्ये छापलेल्या या अभ्यासात 'गोल' म्हणणाऱ्या मुलांच्या मनातल्या पृथ्व्या वेगवेगळ्या निघाल्या. कुणाची पृथ्वी थाळीसारखी गोल आणि सपाट होती. कुणाची पोकळ चेंडूसारखी होती आणि माणसं आत, सपाट जमिनीवर राहत होती. कुणाच्या मनात चक्क दोन पृथ्व्या होत्या: आपण राहतो ती सपाट आणि आकाशातली ती गोल. तोंडी परीक्षेत ही सगळी मुलं पास झाली असती.

म्हणून घटक सुरू करण्याच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं द्या. पुस्तक बंद, खोडरबर दप्तरात. सूचना एकच, पण नेमकी हवी. 'पावसाचं चित्र काढा' म्हटलं तर डोंगर, झोपडी आणि छत्री मिळेल. त्याऐवजी म्हणा, 'पावसाचं पाणी ढगात कुठून आणि कसं जातं ते दाखवा. बाण वापरा, प्रत्येक गोष्टीला नाव द्या.' वह्या गोळा करून चाळा. ढग आणि थेंब जवळजवळ सगळ्यांनी काढलेले असतात. पाणी वर जाण्याचा बाण किती जणांनी काढलाय तेवढं मोजा. बाण नसलेल्या वह्या जास्त निघाल्या तर उद्याचा तास बाष्पीभवनावर घालवायचा हे ठरलं, आणि ढग कसा दिसतो यावर दहा मिनिटं बोलायची गरज नाही हेही ठरलं.

या चित्रांवर लाल पेन चालवू नका. 'हे इथे काय दाखवलंस?' एवढंच विचारा आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत कडेला लिहा. वही जपून ठेवा, ती पुन्हा लागणार आहे.

दुसरी पायरी: स्वतःची सहा चिन्हं पक्की करा

बिंदू, रेघ, बाण, चौकट, गोल, त्रिकोण. शाळेतल्या बहुतेक आशयाला एवढं पुरतं. माणूस काढायला भीती वाटत असेल तर पालघर जिल्ह्यातली वारली चित्रं समोर ठेवा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर डोक्याचा गोल, काटकुळे हातपाय. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. याच रेघांच्या जोरावर डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर गेले आणि २०११ मध्ये पद्मश्री झाले. आपल्याला फक्त 'शेतकरी बाजारात गेला' एवढं दाखवायचं आहे. पाठ टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर पंधरा-वीस माणसं काढून बघा, हात सुटेल.

फळ्याचं थोडं नियोजन लागतं. एका बाजूचा तिसरा भाग तासभर पुसायचा नाही, मुख्य आकृती तिथे राहील. उरलेल्या जागेत उदाहरणं आणि खाडाखोड. भागांची नावं त्या त्या भागाला चिकटूनच लिहा. १, २, ३ असे आकडे घालून बाजूला यादी केली की मुलाची नजर येरझारा घालत राहते आणि समजण्यासाठीची शक्ती शोधण्यातच जाते. रंगीत खडूंपैकी पिवळा आणि पांढरा मागच्या बाकावरून नीट दिसतो. लाल आणि निळा काळ्या फळ्यात बुडून जातात. शिवाय लाल-हिरवा फरक न दिसणारी मुलं, विशेषतः मुलगे, कुठल्याही वर्गात असू शकतात. म्हणून निव्वळ रंगावर अर्थ सोपवू नका, एक रेघ सलग आणि दुसरी तुटक काढा.

आकृती मुलांसमोर, टप्प्याटप्प्याने काढायची. आधीच पूर्ण काढून ठेवलेल्या आकृतीत कुठून सुरुवात करायची हे मुलाला कळत नाही. आणि एक रेघ काढून झाली की थोडं गप्प बसा. सगळ्यात अवघड तेच जातं.

तिसरी पायरी: गणितातल्या पट्ट्या

चित्राचा परिणाम सगळ्यात लवकर आणि सगळ्यात स्पष्ट शाब्दिक उदाहरणांत दिसतो, म्हणून नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. हे उदाहरण घ्या:

'रमेश आणि सीमा यांच्याकडे मिळून ४८ गोट्या आहेत. रमेशकडे सीमापेक्षा १२ गोट्या जास्त आहेत. तर सीमाकडे किती?'

'मिळून' दिसलं की बेरीज, 'जास्त' दिसलं तरी बेरीज, अशी सवय लागलेली मुलं ४८ अधिक १२ करून मोकळी होतात. शब्द पकडून क्रिया निवडण्याची ही युक्ती बऱ्याचदा आपणच शिकवलेली असते. आता पट्ट्या काढू. सीमाची एक आडवी पट्टी. तिच्याखाली रमेशची, डावीकडची टोकं एका रेषेत, तेवढीच लांब आणि पुढे एक जास्तीचा तुकडा. त्या तुकड्यात १२ लिहा. उजवीकडे दोन्ही पट्ट्यांना मिळून एक महिरपी कंस आणि त्यात ४८. आता विचारा, 'दोन्ही पट्ट्या सारख्या करायच्या तर काय कापू?' मुलं १२ चा तुकडा दाखवतात. ४८ मधून १२ गेले, उरले ३६, त्याच्या दोन सारख्या पट्ट्या. सीमाकडे १८, रमेशकडे ३०. कुठली क्रिया करायची हे वाक्यातल्या शब्दाने ठरवलं नाही, आकृतीने ठरवलं.

सिंगापूरने १९८० च्या दशकात खो टेक हाँग यांच्या गटाने विकसित केलेली ही पट्ट्यांची पद्धत प्राथमिक अभ्यासक्रमात आणली. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत तो देश गणितात पहिला आल्यावर जगाचं लक्ष तिकडे गेलं. यशाचं सगळं श्रेय पट्ट्यांना देता येणार नाही. त्यांच्याकडे क्रम पक्का आहे एवढं मात्र घेण्यासारखं आहे: आधी हातात वस्तू, मग चित्र, मग अंक. आपण बऱ्याचदा वस्तूंवरून थेट अंकांवर उडी मारतो आणि मधला टप्पा गाळतो.

अपूर्णांकातही पट्टीच वापरा. भाकरीचं उदाहरण सगळेच देतात आणि अर्ध्या, पावपर्यंत ते छान चालतं. पण गोलाचे तीन किंवा पाच समान भाग हाताने करून दाखवा पाहू! भाग असमान होतात आणि 'समान भाग' हा मूळ मुद्दाच चित्रात खोटा पडतो. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्या. एकीचे तीन भाग करा, दुसरीचे चार. दोन्हींमधला एकेक भाग रंगवून एकाखाली एक ठेवा. ४ मोठा म्हणून १/४ मोठा असं म्हणणारी मुलं पट्ट्यांकडे बघून स्वतःच थबकतात.

पट्ट्या जमू लागल्या की जरा कठीण द्या: 'टोपलीतले २/५ आंबे विकले, २४ उरले, तर आधी किती होते?' एका पट्टीचे पाच भाग, दोन खोडले, उरलेल्या तिघांत २४, म्हणजे एकात ८ आणि पाचांत ४०. काही दिवसांनी उलटं करा: फळ्यावर नुसत्या पट्ट्या काढा आणि उदाहरण मुलांना रचायला सांगा. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्यांना, म्हणजे एकाच वेळी एकाहून जास्त इयत्ता शिकवणाऱ्यांना, याचा आणखी एक फायदा आहे. दुसरीला वाचन घेत असताना चौथी पंधरा मिनिटं स्वतःच्या बळावर खरोखर गुंतलेली राहते.

चौथी पायरी: सुतळीवरचा काळ

इतिहासाच्या पुस्तकात दोन पाठांमध्ये एक पान उलटायचं असतं, मग मधली वर्षं पाच असोत की पन्नास. शिवाजी महाराज पानिपतच्या लढाईत होते का, असं एखादं मूल विचारतं ते उगाच नाही.

एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष असं प्रमाण धरा. शिवजन्माच्या १६३० पासून आजपर्यंत चार मीटर सुतळी पुरते आणि ती वर्गाच्या एका भिंतीवर सहज मावते. कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावा: १६७४ राज्याभिषेक, १७६१ पानिपत, १८१८ पेशवाईचा अस्त, १८४८ पुण्यातली फुल्यांची मुलींची शाळा, १८५७, १९४७, १९६०. कार्डं तुम्ही लावू नका. मुलांना मोजपट्टी द्या आणि जागा शोधू द्या. राज्याभिषेक आणि पानिपत यांच्यात ८७ सेंटिमीटर येतात. पेशवाई संपल्यावर अवघ्या ३० सेंटिमीटरवर मुलींची शाळा येते आणि मग 'एवढ्यात काय काय बदललं असेल?' हा प्रश्न मुलंच काढतात. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या जन्माचं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं कार्ड लावायचं. चौथीतल्या मुलाचं आयुष्य नऊ-दहा सेंटिमीटरचं निघतं.

समान प्रमाण कधीही सोडू नका. जागा पुरत नाही म्हणून मधली शतकं आवळली की सुतळीचा उपयोग संपला. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहेत. ती दाखवायची तर याच प्रमाणात वीस मीटरच्या पुढे जावं लागेल. जा, पटांगणावर चुन्याची रेघ मारा.

पाचवी पायरी: बाणाला बोलतं करा

चित्रांतला सगळ्यात फसवा भाग बाण. अन्नसाखळी काढायला सांगा. साप बेडूक खातो, म्हणून मुलं सापाकडून बेडकाकडे बाण काढतात. पुस्तकात तो उलट असतो: गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे, मग साप, मग घार. मुलं चुकत नसतात, त्यांचा बाण 'खातो' म्हणत असतो. पुस्तकातला बाण 'याच्यातलं अन्न आणि ऊर्जा त्याच्याकडे जाते' असं म्हणतो. जलचक्रातला बाण पाण्याची वाट दाखवतो, संख्यारेषेवरचा बाण उडी दाखवतो आणि नकाशावरचा नुसती दिशा. आपण हे कधी सांगतच नाही.

उपाय साधा आहे: प्रत्येक बाणावर एक क्रियापद लिहायचं. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या संकल्पना नकाशाचा कणा हाच. चौकटीत संकल्पना आणि जोडणाऱ्या रेघेवर शब्द, असे की चौकट-रेघ-चौकट वाचल्यावर पूर्ण वाक्य व्हावं. 'झाड' आणि 'पाऊस' यांच्यात नुसती रेघ ओढणं कुणालाही जमतं. त्या रेघेवर काय लिहायचं यावर मुलं भांडली, की शिकणं सुरू झालं म्हणायचं. सुरुवातीला पाच-सहा चौकटी बस झाल्या. मधोमध विषय आणि चहूबाजूंनी रंगीत फांद्या असा मनोनकाशा लोकप्रिय आहे आणि सुचेल ते पटापट मांडायला तो बरा. पण त्यातल्या रेघा मुक्या असतात, म्हणून समज तपासायला मी तो वापरत नाही.

सहावी पायरी: चित्र वाचणं

काढण्याइतकंच बघणंही शिकवावं लागतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी यासाठी तीन प्रश्नांची पद्धत घडवली. ती भाषेच्या तासाला उत्तम चालते. तारपा नाचाचं वारली चित्र मुलांसमोर ठेवा, मिनिटभर काही न बोलता बघू द्या, आणि विचारा: या चित्रात काय चाललंय? तू कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं?

'लग्न आहे' असं कुणी म्हटलं तर हो किंवा नाही म्हणू नका. 'कशावरून?' मग मूल पुन्हा चित्राकडे वळतं: सगळे एकमेकांना धरून गोल फिरतायत, मधे एक जण काहीतरी वाजवतोय. तुम्ही तो भाग बोटाने दाखवा आणि मुलाचं म्हणणं जरा नीटस शब्दांत परत सांगा. घरी बोलीभाषा बोलणाऱ्या मुलाला प्रमाण शब्द असा न टोकता मिळतो. चाळीसचा पट असेल तर पाच-सहांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच प्रत द्या.

या पद्धतीची मर्यादाही ओळखा. फुप्फुसाची आकृती किंवा ऐतिहासिक छायाचित्र घेतलं आणि नुसतं 'तुम्हाला काय वाटतं?' विचारत राहिलं, तर तास संपतो आणि माहिती मिळतच नाही. तिथे पाच मिनिटं निरीक्षण पुरे, मग सरळ शिकवा.

नवख्याच्या वाटेतले खड्डे

सजावट हा मोठा खड्डा. रिचर्ड मेयर या अमेरिकन संशोधकाने वारंवार दाखवलंय की मजेदार पण विषयाशी संबंध नसलेली चित्रं आणि माहिती भरली की मुलं मूळ मुद्दा कमी शिकतात. जलचक्राच्या तक्त्यावर हसणारा सूर्य आणि बदकं नकोत. वर्गभेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांना ती आवडतील, तरीही.

दुसरा खड्डा, फळ्यावरची आकृती जशीच्या तशी उतरवून घेणं. त्यात हात चालतो, डोकं नाही. आकृती समजावून झाली की ती झाका आणि आठवून काढायला सांगा. मग उघडा आणि राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायला सांगा. वेळ तेवढाच जातो.

कमी दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या मुलाला या तासांत नुसतं बसवून ठेवू नका. जाड पुठ्ठ्यावर डिंकाने सुतळी चिकटवली की पट्ट्या, नकाशा, अन्नसाखळी सगळं बोटांनी वाचता येतं. बाणाचं टोक दाखवायला डाळीचा दाणा चालतो. आणि फळ्यावर काही काढताना 'हे इथून असं' म्हणायचं नाही, 'डावीकडच्या चौकटीतून उजवीकडच्या चौकटीकडे बाण' असं म्हणायचं. याचा फायदा मागच्या बाकालाही होतो.

घटक संपल्यावर

पहिल्या पायरीतली वही आता काढा. तीच सूचना पुन्हा द्या, समोरच्या कोऱ्या पानावर, पुस्तक बंद. दोन्ही चित्रं शेजारी आली की गुण देण्याआधी तीन गोष्टी बघा: नवे भाग किती आले, नवे बाण किती आले, बाणांवर क्रियापदं आहेत का. सुबकपणाला गुण नाहीत, हे वर्गात मोठ्याने सांगा, नाहीतर चांगली चित्रकला असलेली दोन-तीन मुलंच प्रत्येक वेळी जिंकतील आणि बाकीची रंगपेटी नाही म्हणून गप्प बसतील. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीत 'प्रगती समाधानकारक' या ठरावीक वाक्याऐवजी आता काहीतरी नेमकं लिहिता येतं: 'बाष्पीभवनाचा बाण आधी नव्हता, आता आहे. पाणी जमिनीत मुरतं हे अजून दाखवत नाही.' पालकसभेतही हीच दोन पानं उघडून ठेवा. अक्षरओळख नसलेल्या आईलाही त्यातला फरक दिसतो, आणि ती मुलालाच विचारते, हे वर जाणारं काय काढलंस रे?